ही बाजू वर

ह्यांचा पाय फळीतून आरपार गेला,
थेट गुडघ्यापर्यंत,
पण हातातला चहा सांडला नाही.
आधी कप माझ्याकडे दिला,
मग म्हणाले, "आता मला धर."

सून त्याला डेक म्हणते.
दस्तगीर मिस्त्री म्हणतो, स्टेज.
आम्ही बावीस वर्षं नुसतं 'फळ्या' म्हणत आलो.
चहा फळ्यांवर, पापड फळ्यांवर,
भांडणंसुद्धा फळ्यांवर,
कारण घरात मुलं अभ्यास करायची.
समोर अजिंक्यतारा, मागे न्हाणीचा पाइप,
मधे दहा बाय बाराचं हे लाकूड,
एमआयडीसीतल्या मशिनींच्या खोक्यांचं,
स्टोअरमधून रीतसर गेटपास करून आणलेलं.
पावती अजून ट्रंकेत आहे.

दस्तगीर उकिडवा बसतो,
पटाशीच्या मुठीनं एकेक फळी वाजवतो,
माझे वडील कलिंगड घेताना ऐकायचे, तसा ऐकतो.
"ही मेली.
ही जगंल.
हिला निम्मी कापू."
एकतीसातल्या एकोणीस जगल्या.
प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून हे सल्ले देतात,
जळकं ऑइल मार, गॅरेजवाला फुकट देतो.
दस्तगीर हो म्हणतो आणि मारत नाही.
माणूस अनुभवी आहे.

फळ्या उचलल्या तेव्हा खाली
मुंग्यांची माती, पेनाची टोपणं
आणि एक स्टीलचा चमचा निघाला.
ह्याच चमच्यावरून मी सुभद्राला बोलले होते.
बोलले म्हणजे, नको ते बोलले.
दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.
आता भुईंजला असते म्हणे, लेकीकडे.
चमचा मी घासून ठेवलाय.
वापरत नाही.

मग त्यानं जगलेल्या फळ्या उलट्या केल्या.
पोटाकडची बाजू, बावीस वर्षं ऊन न पाहिलेली,
गव्हाळ, आणि तिच्यावर काळ्या शाईत
छत्री, काचेचा पेला,
वर जाणारे दोन बाण.
हे खुर्चीतून पुढे झुकले.
"हा लेथ. हा सत्याण्णवचा.
आणि ही, ही बोअरिंग मशीन,
उतरवताना पट्टा तुटला होता, शिंदे थोडक्यात वाचला…"
बोट फळीवरून फिरत होतं,
पोरांच्या पाठीवरून फिरावं तसं.

कंपनी बंद झाली त्याला आता नऊ वर्षं.
लेथ किलोच्या भावानं गेला.
ज्याला ओरखडा पडू नये म्हणून एवढं खोकं ठोकलं
ते भंगारात,
आणि खोक्यावर आमची तीन पोरं रांगली.
हे बराच वेळ गप्प होते.
सल्लासुद्धा नाही.

"चित्रं वर घेऊ का खाली?" दस्तगीरनं विचारलं.
"वर."
"रंधा मारला तर जातील."
"मग मारू नको."
"कूस लागंल पायाला."
"लागू दे."
बाण आता कुंपणाकडे जातात, न्हाणीकडे जातात,
एक सरळ स्वयंपाकघरात येतो.
वर असा कुठलाच जात नाही.

तेल मात्र मी ठरवलं, जवसाचं.
मी खटावची. आमच्याकडे जवस म्हणजे चटणी,
भाकरीवर, कच्च्या तेलाबरोबर.
लाकडाला पाजायचं म्हणताना जीवावर आलं,
पण मार्गशीर्षातल्या उन्हात फडक्यानं घासलं
तर फळ्यांनी ते असं ओढून घेतलं
की मला माझ्या आईकडची माणसं आठवली,
दुपारी टँकर आल्यावरची.

सगळं झालं. खिळ्यांच्या जागी स्क्रू,
फटी एकसारख्या, चालताना हूं की चूं नाही.
तीच तर गोची झाली.
दारापासून तिसरी फळी कुईं करायची.
सेकंड शिफ्ट संपवून हे आले
की मला आत, झोपेत, कळायचं,
आणि मी कूस बदलायची.

परवा रात्री पेचकस घेऊन गेले.
एक स्क्रू दीड वेढा ढिला केला.
सकाळी हे कुबडी टेकत आले, थांबले,
परत पाय दिला, ऐकलं.
"एक राहिलीय बघ. दस्तगीरला फोन कर."
करते म्हटलं.